संपलेला सेल कुठे जातो?

आम्ही दापोडीहून बोलतोय. पुण्याहून जुन्या रस्त्याने मुंबईकडे निघालं की मुळा नदीवरचा हॅरिस पूल लागतो. पूल ओलांडला की आमचं गाव. पवना नदी इथेच मुळेला येऊन मिळते. एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळाही इथेच आहे. तुमच्या गावाला येणारी लाल गाडी कधी ना कधी आमच्या शेजारी मुक्कामाला आलेली असेल. तेव्हा आपली ओळख जुनीच म्हणायची.

आजची गोष्ट बोटाएवढ्या वस्तूची आहे. घड्याळातला, रिमोटमधला, पोरांच्या खेळण्यातला सेल. हे बोलणं तुम्ही ज्या रेडिओवर ऐकताय, त्यातही कदाचित तोच असेल. तो संपला की आपण काय करतो? खिडकीत ठेवतो. मग कपाटावर. मग दिवाळीच्या साफसफाईत तो केरात जातो. वाईट हेतूने कुणी टाकत नाही. दुसरं काय करायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं.

आमच्या गटाने दोन वर्षांपूर्वी ठरवलं, की सेल केरात टाकायचे नाहीत. एका बाईने लोणच्याची रिकामी प्लॅस्टिकची बरणी आणली. महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातले संपलेले सेल आणायचे. चार महिन्यांत बरणी भरली. मग प्रश्न आला, न्यायची कुठे? भंगारवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "ताई, गाडीची मोठी बॅटरी असेल तर आणा, रोख पैसे देतो. हे फेकून द्या." एका कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने बरणी कोपऱ्यात ठेवून घेतली. आठ दिवसांनी आमच्यातली एक तिथे दुसऱ्या कामाला गेली, तर बरणी कचऱ्याच्या ढिगात पडलेली. तिने ती उचलून परत आणली. त्या दिवशी बैठकीत बचतीचा हिशेब बाजूला राहिला आणि एकच प्रश्न निघाला. मोठी बॅटरी विकली जाते, परत जाते, नवी होऊन येते. मग तिचं हे लेकरू वाऱ्यावर का? उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आज सांगतो.

आपल्याकडे आधी आली ती बॅटरी म्हणजे टॉर्च. अजूनही आपण टॉर्चला बॅटरीच म्हणतो. आत जातात ते सेल. रात्रीची वीज आली की दारं धरायला जाणारा माणूस, अवेळी बाळंतपणाला निघालेली सुईण, म्हशीला वैरण टाकायला गोठ्यात जाणारी बाई, सगळ्यांच्या हातात ती होती. एव्हरेडीचे सेल 1905 पासून भारतात विकले जात आहेत. आधी ते बाहेरून यायचे. पुढे स्वातंत्र्याच्या आधीच कोलकात्यात कारखाना निघाला. ही कंपनी कोणाची? युनियन कार्बाइडची. 1984 च्या डिसेंबरात ज्या कंपनीच्या भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं गेली, तीच. 1990 नंतर सेलचा धंदा दुसऱ्या मालकांकडे गेला, नाव मात्र तेच राहिलं. 1972 च्या सुमारास नोव्हिनो आणि निप्पो या आणखी दोन कंपन्या आल्या. ट्रान्झिस्टर घरोघर पोहोचले आणि सेलही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी कित्येक वाड्यांना रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, पण टपरीवर सेल मिळायचा. कारखान्यातून गोदामात, गोदामातून तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे, तिथून सायकलीला पिशवी लावून वाडीवरच्या दुकानात. जायची वाट अशी पक्की बांधली होती. परत यायची वाट मात्र कुणी बांधलीच नाही. त्यात विकणाऱ्याला फायदा नव्हता आणि आपल्यालाही गरज वाटत नव्हती. आपण सेल उन्हात ठेवून आणखी दोन दिवस चालवला. पोरांनी तो फोडून आतली काळी कांडी काढली आणि भिंतीवर रेघोट्या मारल्या. ती कांडी कार्बनची. भोवतालची काळी पूड मँगनीजची. बाहेरचं भांडं जस्ताचं. सेल चालतो तेव्हा हे जस्तच झिजतं. म्हणून जुना सेल फुटतो, पाझरतो आणि रिमोटची स्प्रिंग खाऊन टाकतो.

पूर्वी या सेलमध्ये पारासुद्धा घालत. जस्त लवकर गंजू नये म्हणून. पारा किती वाईट ते जगाला जपानने दाखवलं. मिनामाता नावाच्या गावात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, मासळीतून माणसांच्या पोटात गेला, आणि 1956 मध्ये तिथला आजार उघडकीस आला. आयांच्या पोटातल्या बाळांनाही तो भोवला. पुढे 1980 च्या दशकात तिथल्या लोकांनी विचारलं, की आमच्या केरातल्या सेलमधल्या पाऱ्याचं काय? तो दबाव इतका वाढला, की कंपन्यांना बिनपाऱ्याचे सेल करावे लागले. 2013 मध्ये पाऱ्याविरुद्ध जगातल्या देशांनी करार केला, त्याला नाव त्याच गावाचं दिलं. भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्या 2022 च्या बॅटरी कचरा नियमांतही पारा आणि कॅडमियम किती असावं यावर कडक मर्यादा आहे. म्हणजे आजचा चांगल्या कंपनीचा पेन्सिल सेल पूर्वीइतका विषारी नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो. उगाच घाबरवून कुणी शहाणं होत नाही.

मग काळजी कशाची? एक तर मोबाईलच्या, चार्जिंगच्या टॉर्चच्या आणि आता खेळण्यांतल्याही लिथियम बॅटऱ्यांची. त्या दबल्या, भोसकल्या की पेट घेतात. दुसरी काळजी बटणासारख्या चपट्या सेलची. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतं. अशा वेळी उलटी करवू नका, घरगुती उपाय करू नका, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. आणि तिसरी गोष्ट, जस्त आणि मँगनीज जमिनीतून खणून काढावं लागतं. ते आपण केरात घालवतो.

आता मोठ्या बॅटरीकडे वळू. आमच्यापासून जेमतेम दहा किलोमीटरवर चिंचवड. तिथे 1969 मध्ये गाडीच्या बॅटऱ्यांचा कारखाना सुरू झाला. आज आपण त्या कंपनीला एक्साइड म्हणतो. पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि 1982 मध्ये महानगरपालिका. कारखाने वाढले, ट्रक वाढले, रिक्षा वाढल्या, त्यांच्या बॅटऱ्याही वाढल्या. या बॅटरीत शिसं असतं आणि ॲसिड असतं. शिसं वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतं, त्याला बाजारात भाव आहे. म्हणून जुनी बॅटरी कुणी फेकत नाही. नवी घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "जुनी आहे का?" जुनी दिली की पैसे कमी. आळंदीच्या पलीकडे इंद्रायणीकाठी मरकळ गाव आहे. तिथे शिसं गाळायचा कारखाना आहे. 2007 मध्ये तो एक्साइडनेच विकत घेतला. म्हणजे चिंचवडला बनलेल्या बॅटरीचं शिसं मरकळला वितळून पुन्हा बॅटरीत येऊ शकतं. असं वर्तुळ आपल्याच भागात आहे.

सरकारने त्यावर कायदाही केला. मे 2001 मध्ये शिशाच्या बॅटऱ्यांचे नियम आले. विकणाऱ्याने जुन्या बॅटऱ्या परत घ्यायच्या आणि नोंदणी असलेल्या कारखान्यालाच द्यायच्या, असं ठरलं. परत घ्यायचं उद्दिष्ट टप्प्याटप्प्याने 90 टक्क्यांपर्यंत न्यायचं होतं. हा सगळा गोडवा गाताना एक कडू गोष्टही सांगायला हवी. भाव आहे म्हणून चोरटी भट्टीही आहे. उघड्यावर बॅटरी फोडायची, ॲसिड मातीत ओतायचं, चुलीसारख्या भट्टीत शिसं वितळवायचं. त्या धुरात मुलं खेळतात. युनिसेफने 2020 मध्ये जगापुढे आकडा ठेवला, की सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात काळजी वाटावी इतकं शिसं आहे. त्याचं एक मोठं कारण अशा भट्ट्या. शिसं मुलांच्या मेंदूवर जातं आणि गेलेलं परत येत नाही. म्हणून नुसता भाव पुरत नाही. वस्तू कुणाच्या हातात जाते हेही बघावं लागतं.

आणि सेलचा भाव किती? हिशेब करून बघा. एक पेन्सिल सेल साधारण 20 ग्रॅमचा. किलो व्हायला पन्नास सेल लागतात. एका घरात वर्षाला समजा दहा सेल संपतात. म्हणजे किलोभर जमवायला एका घराला पाच वर्षं! भंगारवाला हसला त्यात त्याची चूक नाही. एकट्या घराला हे जमणारं नाही. पण पंधरा घरांचा गट असेल तर वर्षाला तीन किलो होतात. दहा गटांचा ग्रामसंघ असेल तर तीस किलो. मग गाडी यायला हरकत नाही.

गाडी म्हटलं की कचरा वेचणाऱ्या बायकांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1972 चा दुष्काळ तुमच्यापैकी थोरल्यांना आठवत असेल. खडी फोडली, मिलो खाल्ला. तेव्हा आणि त्यानंतर कित्येक कुटुंबं गाव सोडून पुण्याला, पिंपरी-चिंचवडला आली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ज्यांना जातीमुळे दुसरं काम कुणी देत नव्हतं, त्यातल्या बायकांनी खांद्याला पोतं लावलं. कागद, काच, पत्रा वेचून मुलं वाढवली. लोक त्यांना चोर समजत. 1993 मध्ये पुण्यात त्यांची संघटना झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या आणि डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे त्यांना महानगरपालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली. मग त्यांचीच स्वच्छ नावाची सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये पुणे महानगरपालिकेशी तिचा करार झाला. उकिरड्यावर वेचणारी बाई दारात येऊन कचरा घेऊ लागली. आज ही संस्था जुन्या वस्तू आणि ई-कचराही गोळा करते.

आमच्या गटातली एक बाई अनेक वर्षं हेच काम करते. ती म्हणाली, "तुम्ही केरात टाकता तो सेल शेवटी माझ्याच हातात येतो. ओल्या कचऱ्यात फुटलेला असला की बोटं चुरचुरतात. मोबाईलची फुगलेली बॅटरी असली की भीती वाटते. वेगळं बांधून दिलं तर माझं काय बिघडणार आहे? मी नेईन." त्या दिवसापासून ही गोष्ट आमच्यासाठी पर्यावरणाची राहिली नाही. आपल्याच बाईच्या हाताची झाली.

लोक बॅटरी परत देत नाहीत, लोकांना शिस्त नाही, असं नेहमी बोललं जातं. ते खरं नाही. 2007 चा ऑगस्ट आठवा. नोकियाच्या मोबाईलमधली बीएल-5सी नावाची बॅटरी तापते असं निघालं. कंपनीने सांगितलं, की डिसेंबर 2005 ते नोव्हेंबर 2006 या काळात बनलेल्या, जगभरातल्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्यांमध्ये हा दोष असू शकतो, आम्ही त्या फुकट बदलून देऊ. आपल्या देशात केवढी धांदल उडाली! लोकांनी मोबाईल उघडून बॅटरीवरचे नंबर वाचले, मेसेज पाठवून तपासले, दुकानांसमोर रांगा लावल्या. कुणी शिस्तीचं भाषण दिलं नव्हतं. भीती होती हे खरं, पण काय करायचं, कुठे जायचं आणि बदल्यात काय मिळेल, हे तिन्ही स्पष्ट होतं. वाट दाखवली की लोक चालतात.

बाहेरच्या देशांनी हेच ओळखलं. जर्मनीत 1998 पासून नियम आहे, की जो दुकानदार सेल विकतो त्याने संपलेले सेल फुकट परत घ्यायचे. किराणा आणायला जाताना लोक खिशातून चार सेल नेतात आणि दारातल्या डब्यात टाकतात. वेगळी फेरी नाही, चौकशी नाही, पावती दाखवायची नाही. 2006 मध्ये युरोपीय संघातल्या सगळ्या देशांसाठी तसा कायदा झाला. 2012 पर्यंत चारांतला एक सेल आणि 2016 पर्यंत शंभरातले 45 तरी परत यावेत असं ठरलं. श्रीमंत देशांचंही उद्दिष्ट निम्म्यापेक्षा कमी होतं, हे ऐकून आम्हाला धीर आला. काम सोपं नाही, पण वाट एकच आहे. जिथून सेल घेतला तिथेच तो परत देता आला पाहिजे.

आपल्याकडेही कागदावर बरंच काही आहे. 2016 च्या घनकचरा नियमांत सेल हा घरातला घातक कचरा मानला. शहरांनी दर 20 चौरस किलोमीटरला तो जमा करायचं एक केंद्र उभारावं आणि वेळा जाहीर कराव्यात असं सांगितलं. विचार करा, भाकरी थापून, मुलं शाळेत पाठवून, कामावर जाणारी बाई चार सेल घेऊन इतक्या लांब जाईल का? मग 2022 च्या ऑगस्टमध्ये बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले. 2001 चे नियम फक्त शिशाच्या बॅटरीचे होते, हे सगळ्या बॅटऱ्यांचे आहेत, अगदी पेन्सिल सेलचेसुद्धा. सेल बनवणाऱ्या आणि बाहेरून आणणाऱ्या कंपनीवर तो परत गोळा करून त्यातला माल काढायची जबाबदारी टाकली आहे. वापरणाऱ्यानेही सेल घरच्या केरात न मिसळता वेगळा द्यायचा आहे. आणि बॅटरी जमिनीत पुरायला आणि जाळायला मनाई आहे. सेलच्या वेष्टनावर चाकाच्या कचराडब्यावर फुली मारलेलं चित्र दिसतं ना? त्याचा अर्थ हाच, मला केरात टाकू नका.

योगायोग बघा. 1 ऑगस्ट 2023 ला मेट्रो फुगेवाडीच्या पुढे धावू लागली आणि आमचं दापोडी स्टेशन सुरू झालं. त्याच दिवशी मोशीच्या कचरा डेपोवर कचरा जाळून वीज करण्याच्या प्रकल्पाचंही उद्घाटन झालं. शहराचा कचरा आता काही प्रमाणात भट्टीत जातो. म्हणजे सेल वेगळा काढायचं काम आधी, आपल्या घरातच व्हायला हवं. एकदा मिसळला की कुणाच्या हाती तो लागेल सांगता येत नाही.

आता आमच्या बरणीचं काय झालं ते सांगतो. आम्ही पुन्हा सुरुवात केली, पण उलटीकडून. आधी विचारलं, कोण नेणार? ई-कचरा गोळा करणाऱ्यांशी बोलणं केलं. ते म्हणाले, थोड्यासाठी गाडी येणार नाही, पण माल जमला की येऊ. मग आजूबाजूचे गट जोडून घेतले. वेगळी फेरी कुणालाच नको होती, म्हणून बैठकीचाच दिवस ठरवला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने गल्ल्याशेजारी एक बरणी ठेवू दिली. आम्ही त्याला म्हटलं, "दादा, सेल तुझ्याकडूनच घेतो, मग परत तुझ्याकडेच येऊ दे." आता वर्षातून दोनदा गाडी येते. आम्ही वजन करून कागदावर लिहून घेतो आणि माल नोंदणी असलेल्या कारखान्यातच जातो ना, हे विचारतो. पैसे मिळत नाहीत. पहिल्या वर्षी यावरून गटात कुरबूर झाली. ती खोटी नव्हती, बाईच्या वेळेला मोल आहे. म्हणूनच आम्ही मागणी लावून धरली आहे, की गोळा करणाऱ्या हातांना कंपन्यांनी मोबदला द्यावा. जबाबदारी त्यांची असेल तर कष्ट फुकट का?

तुमच्या गावात सुरुवात करायची असेल तर आमच्या चुकांतून शिका. बरणी प्लॅस्टिकची आणि कोरडी असू द्या, पत्र्याचा डबा नको. चपट्या सेलला आणि मोबाईलच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली बॅटरी बरणीत टाकू नका, घराबाहेर, वाळूच्या भांड्यात वेगळी ठेवा. सेल फोडू नका, चुलीत टाकू नका. बरणी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, म्हणून अंगणवाडीत तर नकोच. आणि बरणी भरायच्या आधी नेणारा शोधा. ग्रामसभेत हा विषय घ्या, ठरावात लिहून घ्या. तालुक्याच्या बाजाराला जाणारी गाडी, प्रभाग संघाची बैठक, रेशनचं दुकान, जिथे बायका एरवीही जातात तिथेच बरणी असू द्या.

सेल गावात आला तो कुणाच्या तरी सायकलीवरून, एकेक दुकान जोडत. परत जायची वाटही तशीच, एकेक बरणी जोडत बांधावी लागणार. कचऱ्यातून परत आणलेली ती लोणच्याची बरणी आमच्याकडे अजून आहे. पुढच्या महिन्यात तिची गाडी येणार आहे. तुमच्या गावात काय अडचण येते ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या बोलण्यात त्यावर बोलू.